भरतकामाचा घरगुती व्यवसाय : विजय नगरातील काही अनुभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विजय नगर, जबलपूर येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी भरतकामाच्या व्यवसायावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली, तेव्हा हा मान वस्तुतः आमच्या सौभाग्यवतींचा आहे असे आम्ही त्यांना नम्रपणे सुचविले होते. सुई त्यांच्या हाती असते. आमच्या हाती केवळ वही. परंतु "मी भाषण करीत बसले, तर हातातला अंतरपाट कोण पुरा करील?" असा सवाल सौभाग्यवतींनी टाकला आणि वादाला जागाच उरली नाही. तेव्हा या भाषणातील 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता आणि आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत बसून काम करणाऱ्या सात जणी, असे सर्वांनी कृपया समजावे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही केंद्र शासनाचे नोकर. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील पंधरावा नियम असे सांगतो की शासकीय नोकराने परवानगीवाचून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही व्यापारधंदा करू नये, आणि कुटुंबातील कोणी करीत असेल तर ते शासनास कळवावे. आम्ही ते रीतसर कळविले असून त्याची पोच आमच्या फायलीत आहे. त्याच नियमात पुढे असेही आहे की पत्नीच्या विमा एजन्सी, दलाली इत्यादी धंद्याची भलामण करणे हाही नियमभंगच होय. नियमातील 'इत्यादी' या शब्दाचे पोट किती मोठे असते, हे तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून आमच्या घरच्या व्यवसायाचे नाव, पत्ता अथवा दर यांपैकी काहीही आम्ही या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. श्रोत्यांनीही कृपया विचारू नये.

आता जबलपुरात आणि कशिदा कसा, हा प्रश्न येतो. मराठी माणूस येथे काही काल-परवा आलेला नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असल्यामुळे कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेचे लोक यांची ये-जा १९५६ पर्यंत अखंड चालू राहिली. तोफगाडी कारखाना १९०४ चा; त्याच्यामागून खमरियाचा आणि वाहनांचा कारखाना झाला. आमच्यातील कित्येक कुटुंबे या भोंग्यांच्या हाकेवरच येथे स्थिरावली. हस्तव्यवसायाचा इतिहासही या गावाला आहे, आणि तो काहीसा विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, स्लीमनच्या काळी, पकडलेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना तंबू शिवण्याचे व गालिचे विणण्याचे शिक्षण देणारी उद्योगशाळा येथे उघडली होती. ज्या हातांनी रुमालाचा फास टाकला, त्याच हातांना ताणा-बाणा शिकविण्यात आला! आजचे जबलपूर तयार सलवार सुटांसाठी दूरदूरपर्यंत ओळखले जाते, आणि गोहलपूर-लेमा गार्डन भागात कपड्यांचे संकुल उभे आहे. त्या कारखान्यांतून संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे अहोरात्र धडधडत असतात. आमची वरची खोली त्यांच्यापासून फार दूर नाही, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

सौभाग्यवतींचे माहेर बेळगावचे. त्यांच्या आजीने इरकली लुगड्याच्या पदरावर कसुती भरलेली होती आणि नातीला ती शिकविली होती. कन्नडात 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत. त्यावरून हा शब्द झाला असे सांगतात. धारवाड-बेळगावकडे लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर कसुती असे. आपल्याकडेही पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसविण्याची चाल आहेच. म्हणजे ही कला सीमेच्या अलीकडची की पलीकडची, हा वाद लुगड्याने कधी घातलेला नाही.

कसुतीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढचा सारा हिशेब तिच्या स्वभावावर उभा आहे. इतर भरतकामात आधी नक्षी उमटवितात. खाक्याच्या कागदाला टाचणीने भोके पाडून त्यावरून रॉकेलमध्ये कालविलेली नीळ वा खडू फिरविला की कापडावर ठिपके उठतात, आणि मग त्या रेषेवरून सुई चालते. कसुतीत खाका नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंती हा दुहेरी धावदोरा: जाताना एक टाका भरायचा, एक जागा सोडायची, परतताना सोडलेल्या जागा भरीत यायचे. मुरगी हीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी चालते. नेयगीत दोरा असा धावतो की नक्षी मागावरच विणली आहे असे वाटावे. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा दिसणारा. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन, दीपमाळ हे सारे या चार टाक्यांतूनच उभे राहते. दोऱ्याला गाठ मारायची नाही, आणि गवंती-मुरगीची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे, असा दंडक आहे. जाताना एक धागा मोजायला चुकले की परतीचा टाका पहिल्या टाक्याला भेटत नाही, आणि मग चार बोटे मागे जाऊन उसवावे लागते. आमच्या कचेरीतील ताळेबंदाचीही हीच तऱ्हा आहे. फरक एवढाच की तेथे न जुळणारी रक्कम 'उचंत' खात्यात टाकता येते, कसुतीत तशी सोय नाही.

जाड सुती कापडावर धागे डोळ्यांना दिसतात. परंतु ग्राहकांना हवे असते चंदेरी आणि माहेश्वरी. माहेश्वरीशी तर आपले नाते अहिल्याबाई होळकरांपासूनचे आहे. त्यांनीच अठराव्या शतकात विणकर माहेश्वरास आणून वसविले, आणि होळकर घराण्यातील मंडळींनी १९७८ मध्ये रेहवा संस्था काढून त्या मागांना पुन्हा चालना दिली. अशा तलम कापडाचे धागे मोजणे शक्य नसते. त्याकरिता वर जाळीचे कापड टाचतात, त्याची घरे मोजून खालच्या कापडापर्यंत टाका घेतात, आणि काम पुरे झाल्यावर जाळीचा एकेक धागा हलकेच ओढून काढतात. हे ओढणे म्हणजे जिवावरचे काम. घाईने ओढले तर तीस तासांच्या कामाला सुरकुती पडते, आणि ती इस्त्रीनेही जात नाही.

खोलीची व्यवस्था साधी आहे. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर सारखा असतो, म्हणून ती खोली निवडली. उन्हाळ्यात येथील पारा पंचेचाळिसाकडे झुकतो आणि घामाचा हात रेशमाला लागू देता येत नाही. म्हणून मे-जूनमध्ये सकाळी सहा ते अकरा एवढेच काम. पावसाळ्यात कापडाला बुरशीचे भय. लाल आणि काळा दोरा आणला की प्रथम त्याचा तुकडा गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहायचा. रंग सुटला तर दुकानदार ओळखीचा असला तरी लडी परत. सात जणींत एक बंगाली आहे, तिला कांथा येतो. एक सिंधी आहे. बाकीच्या दमोह-कटनीकडच्या बुंदेली बोलणाऱ्या. सौभाग्यवतींना सगळ्या 'भाभीजी' म्हणतात. आम्हांला 'साहब' म्हणतात आणि आम्ही खोलीत शिरलो की बोलणे थांबवितात. म्हणून आम्ही शक्यतो शिरत नाही.

आता वहीकडे वळतो. या व्यवसायात बुडणारा माणूस टाक्याने बुडत नाही, तो किमतीने बुडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरची बाई काम करते, तिच्या वेळेला मोल नाही, कापड आणि दोरा यांचा खर्च निघाला म्हणजे झाले, या समजुतीने कितीतरी गुणी हात दोन-तीन वर्षांत थकून बसलेले आम्ही पाहिले आहेत. उदाहरणादाखल एक ओढणी घेऊ. समजा तिच्या काठाला छत्तीस तास लागले आणि तासाला सत्तर रुपये मजुरी धरली, तर २५२० रुपये झाले. कापड ६५०, दोरा १३०, धुणे-इस्त्री-वेष्टण-टपाल मिळून १५०. एकूण ३४५०. काही नग बिघडतात, काही वर्षभर पडून राहतात. त्याकरिता दहा टक्के धरले म्हणजे ३७९५. हा आकडा ऐकून ग्राहक म्हणतो, "बाजारात अशीच बाराशेला मिळते, आपण ओळखीचे, दोन हजार घ्या." वरवर पाहता दोन हजार हा भरघोस आकडा आहे. परंतु त्यातून ९३० रुपयांचा खर्च वजा केला की उरतात १०७०, आणि छत्तीस तासांनी भागले की तासाला तीस रुपयेही पडत नाहीत. ती सवलत ग्राहकाला आम्ही देत नसतो. दमोहची ती बाई देत असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते.

मजुरी मोजायची कशी, हाही प्रश्न सोपा नाही. पुष्कळ ठिकाणी दोऱ्याच्या लडीवर मजुरी देतात. लडी आठ मीटरची, सहा पदरी. हिशेबाला सोपे, चोरी होत नाही. परंतु विचार करून पाहिल्यास ही पद्धत उलटी आहे. जी बाई एकपदरी दोऱ्याने बारीक टाका घालते तिचा वेळ जास्त जातो आणि दोरा कमी. जी सहापदरी दोऱ्याने ढोबळ टाके घालते तिची लडी झपाट्याने संपते. म्हणजे लडीवरची मजुरी चांगल्या कामाला दंड आणि वाईट कामाला बक्षीस देते. आमच्या शेजारी एक खमरिया कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. नगावर मजुरी देण्याच्या कारखान्यातील पद्धतीत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी युक्ती सांगितली ती अशी: प्रत्येक नव्या नक्षीचा एक नमुना दोघींकडून वेगवेगळा भरून घ्यावा, घड्याळ लावावे, दोघींच्या वेळेची सरासरी काढून तो त्या नक्षीचा वेळ ठरवावा, आणि मग मजुरी नगावर द्यावी. जी चपळ आहे तिला फायदा, जी सावकाश आहे तिच्यावर जबरदस्ती नाही. बैठक मोडून घरी स्वयंपाकाला जाणारीलाही हे सोयीचे पडते. आमची वही तेव्हापासून याच रीतीने चालते.

येथे एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. २०१९ च्या श्रावणात शहरातील एक कापडव्यापारी घरी आले. नावाचे प्रयोजन नाही. त्यांचा प्रस्ताव असा की तीनशे कुर्ते यंत्रावर भरून येतील. आमच्या खोलीतील बायकांनी प्रत्येकावर गळ्याशी पाच-पंचवीस टाके हाताने घालावेत आणि आतल्या बाजूला 'हातकाम' अशी चिठ्ठी शिवावी. प्रत्येक कुर्त्यामागे त्यांनी देऊ केलेली रक्कम इतकी होती की सात जणींची सहा महिन्यांची मजुरी तीन आठवड्यांत सुटली असती. व्यापारी गृहस्थ दुष्ट नव्हते. ते म्हणाले, "साहेब, टाका हाताचा आहे ना? मग चिठ्ठी खोटी कशी?" वकिलाला शोभेल असा हा युक्तिवाद होता.

सौभाग्यवतींनी निर्णय आपल्या अंगावर घेतला नाही. त्यांनी सातही जणींना बसवून आकडा सांगितला आणि चिठ्ठीही सांगितली. आम्ही खाली बसून होतो. वरून दीड तास आवाज येत होता. शेवटी सहा जणींनी नको म्हटले. त्यांचे कारण आम्हांला वाटले होते त्याहून व्यवहारी होते. त्यांचे म्हणणे असे की एकदा आपल्या हातची चिठ्ठी यंत्राच्या कापडावर लागली, की पुढच्या वर्षी आपल्या छत्तीस तासांच्या ओढणीलाही बाराशेच मिळतील. कारण गिऱ्हाईक दोन्ही चिठ्ठ्या एकाच भावाने वाचणार. सातवी गेली. तिच्या पदरात एकटीने वाढविलेली मुलगी होती, आणि त्या वर्षी परिचारिकेच्या शिक्षणाची फी भरायची होती. तिने व्यापाऱ्याकडे काम धरले, फी भरली. आज ती त्यांच्याकडे यंत्रावरच्या मुलींची देखरेख करते आणि येथल्यापेक्षा अधिक कमावते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते. सौभाग्यवती तिला एखादा नवा नमुना दाखवितात, ती उलटी बाजू पाहून मान डोलावते. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तिच्या जाण्याने खोलीत जो कोपरा मोकळा झाला तो वर्षभर तसाच होता.

त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. नाकारलेली रक्कम तेव्हा फार आठवली, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या वर्षी अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती आणि त्या मुहूर्ताचे पाच अंतरपाट भरून तयार होते, वधूवरांच्या नावांसह आणि तारखेसह. लग्ने पुढे गेली. नावे राहिली, तारखा खोट्या ठरल्या. सुती कापडावर उसविलेल्या टाक्यांची भोके धुतल्यावर मिटतात. रेशमावर मिटत नाहीत. तीन अंतरपाटांच्या तारखा उसवून नव्या घातल्या. दोन रेशमी होते. त्यांपैकी एका घरच्या मंडळींनी जुनीच तारीख राहू द्यावी असे कळविले. तो अंतरपाट चुकीच्या तारखेसह पुढे डिसेंबरात धरला गेला. दुसऱ्या कुटुंबाकडून उत्तर आले नाही. तो आमच्या कपाटात आहे. तेव्हापासून तारीख शेवटच्या पंधरवड्यात, आगाऊ रक्कम आल्यावरच भरतात.

सातजणींच्या खोलीला जे साधत नाही ते मोठ्या प्रमाणावर कसे साधते, हे पाहायचे असल्यास संडूरकडे पाहावे. बल्लारी जिल्ह्यातील संडूर हे पूर्वीचे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तेथील लंबाणी स्त्रिया म्हणजे आपल्या यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवरील बंजारा भगिनींच्याच नात्यातल्या. त्यांच्या आरसे-कवड्यांच्या भरतकामासाठी तेथे संडूर कुशल कला केंद्र उभे राहिले. संडूर लंबाणी भरतकामाला २०१० च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक मिळाला. जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या सांस्कृतिक बैठकीनिमित्त हंपी येथे साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी १७५५ तुकड्यांचे काम मांडले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. विक्रमाचे आम्हांला तितकेसे अप्रूप नाही. महत्त्वाचे हे की अशा ठिकाणी कापड, रंग, तपासणी आणि बाजारपेठ यांचा भार संस्था उचलते, आणि बाईकडे उरतो तो टाका. याउलट लखनौची चिकन पाहावी. तेथे छपाईवाला, दलाल, धोबी, व्यापारी अशी साखळी होती आणि टाका घालणारीच्या हाती सर्वांत कमी पडत असे. १९८४ मध्ये तेथे 'सेवा' संस्था स्थापन झाली ती याच कारणाने. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदनाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनाही हेच दिसले असावे की बाईला शिवण शिकविणे पुरेसे नाही.

भौगोलिक निर्देशांकाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कसुतीलाही तो मिळालेला आहे, आणि तो कर्नाटकातील कारागिरांचा आहे. तेव्हा जबलपुरात भरलेल्या कापडावर 'कसुती' अशी चिठ्ठी लावणे योग्य नव्हे. आमच्या घरची चिठ्ठी 'धागे मोजून केलेले हातकाम, जबलपूर' एवढेच म्हणते. सौभाग्यवतींना हे थोडे लागते. आजीने शिकविलेल्या कलेचे नाव घेता येत नाही म्हणजे काय, असे त्या म्हणतात. परंतु व्यापाऱ्याला जो नियम लावला तोच आपल्यालाही लावावा लागतो. डिंडोरीच्या गोंड चित्रांचेही तसेच. २०२३ मध्ये त्यांना निर्देशांक मिळाला, आणि त्यातील हरीण उचलून उशीच्या अभ्ऱ्यावर भरावे अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते. ती आम्ही घेत नाही. नक्षीच्या मालकीचा कायदाही जाणून घेण्यासारखा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १५ असे सांगते की नोंदणीयोग्य नक्षी नोंदविली नाही आणि औद्योगिक रीतीने तिच्या पन्नासांहून अधिक प्रती काढल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. नवी नक्षी चालली की तीच भराभर काढण्याचा मोह होतो. ज्या भगिनी स्वतः नक्षी रचतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शासकीय योजनांविषयी आमच्याकडून विशेष अपेक्षा असेल, परंतु येथे आम्ही थोडक्यात आटोपतो. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. जो पैसे मागेल त्याला दारातूनच परत पाठवावे. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराचे ओळखपत्र अवश्य घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, न्हावी आहे, हार गुंफणारा आहे, भरतकाम करणारी मात्र स्वतंत्रपणे नाही. ती यादी ज्यांनी केली ते आमच्यासारखेच अधिकारी असणार, आणि त्यांच्याही घरी रुखवतात मिळालेले टेबलक्लॉथ असणारच!

आता जो भाग आम्हांला सर्वांत जवळचा, तो सांगतो. मागणी करणारे बहुतेक मराठीच, आणि बहुतेक दूरचे: इंदूर-भोपाळचे थोडे, बंगळूर-दिल्लीचे बरेच, आणि परदेशातले पुष्कळ. त्यांना हवे असते काय? अंतरपाट, बाळाची कुंची, दुपटे, चंद्रकळेचा पदर, रुखवतातील एखादी वस्तू. जे घरी राहिलेल्या माणसाने सोडून दिले, ते दूर गेलेला माणूस टपालाने मागवितो. नावे मात्र इंग्रजी लिपीत, दूरध्वनीच्या पडद्यावर येतात. तेथे आमची बी. ए.ची पदवी आयुष्यात प्रथमच उपयोगी पडली. ऱ्हस्व की दीर्घ, त की थ, न की ण, हे ठरविल्याखेरीज सुई कापडाला लागत नाही. कारण शाईचा शब्द खोडता येतो, भरलेला शब्द उसवावा लागतो. एका आजोबांनी परदेशातून नातीचे नाव कळविले. 'ळ' असावा की 'ल', हे आम्ही विचारले. त्यांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. नंतर दूरध्वनी करून म्हणाले, "मुलगा म्हणतो ल चालेल, त्याला काय कळतंय. तुम्ही ळ भरा. तिला म्हणता येणार नाही, पण पाहिलेला तरी असेल."

आणि हा 'ळ' भरायचा कोणी? हिंदीत तो नाही. दमोहच्या बाईने तो जन्मात लिहिलेला नव्हता. पहिल्यांदा तिने विचारले, "भाभीजी, यह क्या है, जलेबी?" कसुती तर सरळ आणि तिरप्या रेषांची, तिच्यात गोलाई आणायची म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी आणावी लागते. सौभाग्यवतींनी चौकटीच्या कागदावर अकरा घरे रुंद असा 'ळ' बसविला. तीन प्रयत्नांत दोन वळणे सारखी झाली. आता तो नमुना खोलीच्या भिंतीवर टाचलेला आहे आणि सातही जणी 'ळ' भरतात. मोकळ्या कोपऱ्यात आता एक नवी मुलगी बसते. ती तो भरताना तोंडाने म्हणूनही पाहते. तिला अद्याप जमत नाही. 'ड'च्या जवळपास येते.

कार्यवाह घड्याळाकडे पाहत आहेत. एका भगिनीने भाषणापूर्वी विचारले होते की शिकायला किती दिवस लागतात. गवंती एका दुपारी येते. उलटी बाजू सुलटीसारखी दिसू लागायला आमच्या खोलीतील कोणालाही सहा महिन्यांच्या आत जमलेले नाही. यंत्राचे काम कसे ओळखावे, हाही प्रश्न होता. यंत्राला वरचा आणि खालचा असे दोन दोरे लागतात. कापड उलटे केले की खालचा दोरा, बहुधा पांढरा, नक्षीच्या पाठीवर दिसतो. दुकानदाराला काही न विचारता नुसते कापड उलटावे. काही नमुने सभागृहाच्या मागच्या टेबलावर ठेवले आहेत. पंधराव्या नियमाला स्मरून सांगतो की ते विक्रीस नाहीत. चहापूर्वी पाहावेत, चहानंतर नको. हात धुऊन घ्यावेत. त्यांत तो एक रेशमी अंतरपाटही आहे, ज्याच्यावर २६ एप्रिलची तारीख आहे. ते कुटुंब कोणाच्या ओळखीचे निघाले तर आम्हांला अवश्य कळवावे. त्याचे पैसे पूर्ण आलेले आहेत आणि तो पोहोचविणे आमच्याकडे बाकी आहे.